डॉक्टरकीचा खर्च: शेत न विकता तो कसा भागवावा?

दरवर्षी पावसाच्या तोंडावर 'नीट' परीक्षेचा निकाल लागतो. मुळगाव, अस्नोडा, मये, शिरगाव या आपल्या पट्ट्यात एखाद्या घरी आनंदाची बातमी येते. मुलाला किंवा मुलीला चांगले गुण मिळालेले असतात, शेजारीपाजारी अभिनंदन करून जातात. मग रात्री जेवणे आटोपल्यावर आई-बाप हळू आवाजात बोलू लागतात. साडेपाच वर्षांचा खर्च कोठून आणायचा? शेत काढायचे की सोने? बँक कर्ज देईल का, आणि दिलेच तर ते फिटेल का?

हे पान शेतीचे आणि आरोग्याचे. या प्रश्नात दोन्ही विषय एकत्र येतात. गावाला डॉक्टर हवा, दातांचा डॉक्टरही हवा. आणि तो घडविण्याचा भार बहुतेक वेळा शेतावर, कुळागरावर, काजूच्या पिकावर पडतो. पुष्कळ पालक या बाबतीत घाईने निर्णय घेतात, आणि घाईचा निर्णय महाग पडतो. म्हणून पैशाच्या वाटा कोणत्या, त्यांतली आधी कोणती धरावी आणि कोणती शेवटी, याचा विचार आम्ही येथे क्रमाने मांडीत आहोत.

सीट कोणती, हा पहिला हिशेब

कर्जाचा विचार करण्याआधी प्रवेश कोठे मिळतो ते पाहावे, कारण सर्वांत मोठी मदत ही स्वस्त सीट असते. आपल्या राज्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. १८४२ साली पणजीत पोर्तुगीज सरकारने सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा त्याच्याकडे आला असून १९६३ पासून ते आजच्या नावाने चालते. त्याच्याच शेजारी १९८० साली सुरू झालेले गोवा दंत महाविद्यालय आहे. दोन्ही संस्था सरकारी, म्हणून त्यांचे शुल्क खाजगी कॉलेजांच्या तुलनेत फारच थोडे. राज्याच्या वाट्याच्या जागांचे प्रवेश पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात.

शिवाय देशभरातील सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात भरतात. त्यांचा अर्ज वेगळा आणि तारखाही वेगळ्या. आमच्या भागातील काही पालक हा अर्ज भरतच नाहीत, "आपल्याला कोठे एवढे गुण" म्हणून सोडून देतात. हे बरोबर नव्हे. दुसऱ्या राज्यातील सरकारी कॉलेजात जागा मिळाली तर वसतिगृहाचा खर्च धरूनही ती खाजगी जागेपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

खाजगी आणि अभिमत विद्यापीठांची गोष्ट निराळी. एम.बी.बी.एस.साठी कित्येक अभिमत विद्यापीठांचे शुल्क वर्षाला २० लाख रुपयांच्या पुढे आहे. साडेचार वर्षांचे शुल्क आणि त्यावर राहणे-खाणे धरले तर रक्कम एक कोटीच्या घरात जाते. साध्या शेतकऱ्याने किंवा पगारदार माणसाने अशा सीटसाठी जमीन काढण्याआधी एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा विचार जरूर करावा. एक वर्ष गेले तर मुलाचे फार बिघडत नाही. जमीन गेली तर ती परत येत नाही.

आणखी एक गोष्ट. आरोग्यसेवेचा रस्ता एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस. या दोन दारांतूनच जातो असे नाही. पेडण्यात धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्‌घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. शिरोड्याला आयुर्वेदाचे आणि होमिओपथीचे कॉलेज आहे. बांबोळीला परिचारिकांचे शिक्षण मिळते. मुलाची ओढ रोग्याच्या सेवेकडे असेल, तर कमी खर्चाचा रस्ता म्हणजे कमी प्रतीचा रस्ता असे त्याच्या मनात भरवू नये.

शुल्काच्या पावतीवर न दिसणारा खर्च

पुष्कळ घरांत शुल्क तेवढे मोजले जाते आणि बाकीचा खर्च दर महिन्याला अंगावर येतो. पुस्तके जाड आणि महाग. वसतिगृह, खानावळ, प्रवास, परीक्षा शुल्क हे सर्व वेगळे. एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यापुढे एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. बी.डी.एस.चा चार वर्षांचा आणि पुढे एक वर्ष.

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याचा एक खर्च तर घरच्यांना आधी ठाऊकच नसतो. त्याला पहिल्या वर्षापासून स्वतःची हत्यारे विकत घ्यावी लागतात. दातांचे साचे, मेण कोरण्याच्या सुऱ्या, दात कोरण्याचा हँडपीस, नकली दातांचा जबडा, निरनिराळे चिमटे आणि आरसे अशी ती यादी असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती वाढते. सरकारी कॉलेजचे शुल्क भरून निर्धास्त झालेल्या बापाला ही यादी आली की धक्का बसतो. म्हणून प्रवेश घेण्याच्या दिवशीच वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला गाठून पाच वर्षांची यादी लिहून घ्यावी. कर्ज काढायचे झाल्यास हा खर्चही अर्जात दाखवता येतो. पुस्तके आणि उपकरणे यांना शैक्षणिक कर्जात जागा आहे.

पूर्वीच्यांनी काय केले

डॉक्टर होण्यासाठी पैसा उभा करणे हा प्रश्न नवा नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांच्याजवळ काही संपत्ती नव्हती. श्रीरामपूर येथे त्यांनी आपण का जातो आहोत हे सभेत उभे राहून सांगितले, आणि त्यानंतर निरनिराळ्या लोकांनी मदत पाठविली. परक्या देशात कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाहून एम.डी. झाल्या, आणि कोल्हापूर संस्थानाने त्यांना आपल्या इस्पितळातील स्त्रियांच्या विभागासाठी बोलावले. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे निधन झाले, त्यामुळे ती सेवा घडली नाही.

१८९२ साली जमशेटजी टाटांनी एक निधी स्थापिला. त्यांची कल्पना अशी की हुशार विद्यार्थ्याला परदेशी शिक्षणासाठी पैसा द्यावा, तो भीक म्हणून देऊ नये, कर्जाऊ द्यावा. त्याने मिळवता झाल्यावर तो परत करावा, म्हणजे तोच पैसा पुढच्याच्या कामी येईल. या निधीचा लाभ घेणाऱ्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. जे. एन. टाटा एन्डोमेंट या नावाने तो निधी आजही परदेशातील उच्च शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्त्या देतो.

या दोन्ही गोष्टींत एक सारखेपणा आहे. पैसा एका ठिकाणाहून आला नाही, आणि मागण्यात कोणी कमीपणा मानला नाही. थोडी घरची पुंजी, थोडी शिष्यवृत्ती, थोडे कर्ज, थोडी समाजाची मदत, असे चार धागे एकत्र वळले की दोरी मजबूत होते.

परत न द्यावा लागणारा पैसा आधी

नियम सोपा आहे. जो पैसा परत करायचा नाही तो आधी मागावा, जो बिनव्याजी मिळतो तो त्यानंतर, आणि व्याजाचा सर्वांत शेवटी. आमचे पुष्कळ पालक नेमके उलट करतात, कारण बँक डिचोलीच्या रस्त्यावर दिसते आणि शिष्यवृत्तीची सूचना कोणाच्या नजरेस पडत नाही.

केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एक शिष्यवृत्ती आहे. बारावीला आपल्या मंडळात वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत येणाऱ्या, आणि ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे अशा मुलामुलींना ती मिळू शकते. पहिली तीन वर्षे वर्षाला १२,००० रुपये आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी २०,००० रुपये अशी तिची रक्कम. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावयाचा. रक्कम मोठी नसली तरी पुस्तकांचा भार त्यात निघतो.

अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आपल्याकडील गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. त्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या आदिवासी कल्याण संचालनालयाची 'गगन भरारी शिक्षा योजना' आहे. इतर मागास वर्गांसाठी समाज कल्याण संचालनालयाकडे चौकशी करावी. उत्पन्नाची मर्यादा आणि शेवटची तारीख यांत फेरफार होतात, म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने मागच्या वर्षी काय भरले यावर विसंबू नये. चालू वर्षाची सूचना स्वतः वाचावी.

ख्रिस्ती कुटुंबांना एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. अल्पसंख्याकांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजमाफी देणारी 'पढो परदेश' ही केंद्राची योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिच्या भरवशावर कोणी परदेशी प्रवेश घेऊ नये. १९९४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ सवलतीच्या व्याजाने शैक्षणिक कर्ज देते, ते राज्याने नेमलेल्या संस्थेमार्फत मिळते.

आमचा भाग खाणींचा. २०१५ पासून खाणपट्ट्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत आणि त्यांच्या निधीत शिक्षण व आरोग्य ही अग्रक्रमाची क्षेत्रे मानली आहेत. खाणीची माती ज्या गावाच्या शेतात आली, त्या गावाने आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी त्या निधीतून काही मागावे, हे अगदी रास्त आहे. ही मागणी एकट्याने अर्ज लिहून होत नाही. ग्रामसभेत ठराव मांडावा लागतो, आणि त्यासाठी ग्रामसभेला जावे लागते.

बिनव्याजी कर्ज: गोव्याची सोय

२००३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. तिचे कार्यालय पर्वरीला. गोव्यातील रहिवासाचा दाखला आणि इतर कागद लागतात, तेव्हा रक्कम व अटी यांची चौकशी प्रवेशाच्या आधीच करून ठेवावी. तसेच पदव्युत्तर शिक्षणासाठी, देशात किंवा परदेशात, राज्याची 'मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स' ही योजना आहे, एम.डी. किंवा एम.डी.एस.चा विचार करणाऱ्याने ती ध्यानात ठेवावी.

बिनव्याजी या शब्दाचे मोल पुढच्या हिशेबात दिसेल.

बँकेचे कर्ज आणि व्याजाचा उंदीर

बँकांच्या शैक्षणिक कर्जाची साधारण रीत अशी. चार लाखांपर्यंत घरचा हिस्सा घालावा लागत नाही आणि तारणही लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या पत हमी योजनेमुळे तारण न घेता कर्ज मिळते. त्यापुढे बँक तारण मागते. शिक्षण चालू असताना आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत फेड करता येते.

हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. भातकणगीला लागलेल्या उंदरासारखे ते रात्रंदिवस खात राहते आणि आपल्याला कळते पाच-सहा वर्षांनी. एक नमुन्याचा हिशेब करून पाहू. समजा, मुलीने पाच वर्षे दरवर्षी २ लाख असे एकूण १० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी घेतले. साडेपाच वर्षांचे शिक्षण आणि त्यापुढचे एक वर्ष मिळून साडेसहा वर्षांनी हप्ता सुरू होणार. तोपर्यंत सरळ व्याजच सुमारे ४ लाख ५ हजार होते. म्हणजे फेड सुरू होते ती १४ लाख ५ हजारांवर. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता महिना सुमारे १४,२५० रुपये, आणि एकूण भरणा साडेपंचवीस लाखांच्या थोडा पुढे.

आता तेच व्याज शिक्षण चालू असतानाच भरत गेलो तर? पहिल्या वर्षी महिना १,५०० रुपये, दुसऱ्या वर्षी ३,०००, असे वाढत पाचव्या वर्षापासून ७,५००. मग फेड १० लाखांवरच सुरू होते, हप्ता सुमारे १०,१४० रुपये बसतो आणि आधी भरलेले व्याज धरूनही एकूण सव्वातीन लाखांहून अधिक वाचतात. शिवाय शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूट देतात. आणि तेच १० लाख बिनव्याजी मिळाले, तर दहा वर्षांत फेडायला महिन्याला सुमारे ८,३३० रुपये पुरतात आणि एकूण भरणा १० लाखच.

ज्या घराला वाटेत व्याज भरणे झेपत नाही, त्यांच्यासाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर मान्यताप्राप्त संस्थेतील व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळातील आणि पुढच्या एका वर्षाचे संपूर्ण व्याज सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पी.एम. विद्यालक्ष्मी' योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांनाही १० लाखांपर्यंतच्या कर्जावर त्या काळात ३ टक्के व्याजाची सवलत ठेवली आहे. मात्र कॉलेज त्या योजनेच्या यादीत असले पाहिजे. ही अनुदाने आपोआप मिळत नाहीत. कर्ज घेताना बँकेला स्पष्ट विचारावे, "आमचा अर्ज व्याज अनुदानासाठी गेला का?" आणि शिक्षण अर्ध्यावर सोडले तर, आजारपणाचे कारण नसल्यास, हे अनुदान बंद होते हेही जाणून असावे.

जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. कलम ८०-ई प्रमाणे शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते.

जमीन तारण ठेवण्यापूर्वी

साडेसात लाखांच्या पुढे गेलो की बँक तारण मागते आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे जमीन येते. पण शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून पुष्कळ बँका घेतच नाहीत. आपल्याकडे तर कागद आणखी गुंतागुंतीचे. कित्येकांचे शेत कुळाचे, घर मुंडकाराच्या हक्काचे, एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचे आणि त्यांच्या भावंडांचे नाव. २०२३ साली गोव्यात शेतजमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घालणारा कायदाही आला. त्यातून आपल्या नागरी कायद्याप्रमाणे घराच्या मालमत्तेत नवरा-बायको दोघांचा हक्क, म्हणून दोघांच्या सह्या लागतात. बारावीच्या निकालानंतर हे कागद सरळ करायला निघालात तर प्रवेशाची तारीख टळून जाते. मूल नववी-दहावीत असतानाच उतारे पाहावेत, वारसाची नोंद करून घ्यावी.

बँक जमीन घेत नाही म्हणून काहीजण सावकाराकडे वळतात किंवा शेत कमी भावात काढतात. या मार्गाला जाऊ नये असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आमच्या तालुक्याने कर्जाचा एक धडा फार जवळून पाहिला आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे काही काळ चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. खाणीच्या भरवशावर ज्यांनी कर्जाने ट्रक घेतले होते, त्यांचे ट्रक दारात उभे राहिले; बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. ट्रकच्या कर्जात आणि शिक्षणाच्या कर्जात फरक आहे, तरी मूळ प्रश्न एकच: ज्या कमाईवर हप्ता बसवला ती कमाई आली नाही तर? नव्या बी.डी.एस. डॉक्टरची पहिल्या वर्षांची मिळकत बहुधा बेताची असते. स्वतःचा दवाखाना काढायचा तर खुर्ची, क्ष-किरण यंत्र, निर्जंतुकीकरणाचे यंत्र यांसाठी दुसरे कर्ज लागते. त्यासाठी २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. पण शिक्षणाचे कर्ज आधीच डोईजड असेल तर दुसरे कोणत्या हिंमतीने काढणार?

सेवेच्या बदल्यात शिक्षण

एक मार्ग असा आहे की पैशाऐवजी सेवा द्यावी. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क नाही आणि राहण्याची सोय मोफत. मुलींनाही प्रवेश आहे. मोबदल्यात सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काही वर्षे काम करावे लागते. बंधपत्र मोडल्यास मोठी रक्कम भरावी लागते. ज्या मुलाची तब्येत दणकट आणि शिस्तीची आवड, त्याच्यासाठी हा उत्तम मार्ग.

वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज डॉ. आयडा स्कडर यांनी १९१८ साली स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेच्या रूपाने सुरू केले. तेथील शुल्क आजही खाजगी कॉलेजांच्या मानाने अगदी थोडे. चर्चच्या पुरस्काराने जाणाऱ्या विद्यार्थ्याला नंतर मिशन इस्पितळात सेवा करावी लागते. बंगळूरचे सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज १९६३ साली भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या संस्थेने सुरू केले. त्याचाही ग्रामीण सेवेवर भर आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, वर्ध्याजवळ सेवाग्रामला निघालेले वैद्यकीय महाविद्यालयही त्याच विचाराचे. आमच्या सभासदांनी पुरस्काराच्या पत्रासाठी शेवटच्या आठवड्यात धावत येऊ नये. अशी पत्रे चौकशी करून, पुष्कळ आधी दिली जातात.

परदेश आणि दलाल

रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, फिलिपाईन्स येथे थोड्या पैशांत डॉक्टर व्हा, असे सांगणारे लोक गावोगाव फिरतात. सर्वच खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. पण नियम त्यांच्याकडून ऐकू नयेत. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, तेथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि परत आल्यावर भारतातील परीक्षा उत्तीर्ण होऊन पुन्हा येथे इंटर्नशिप करावी लागते. त्या परीक्षेत अलीकडे बऱ्याच वेळा चारांपैकी तीन विद्यार्थी नापास झाले आहेत. २०२२ साली युक्रेनमधून आपली मुले पुस्तके मागे टाकून कशी परतली हे सर्वांनी पाहिले. पदवी हाती नाही आणि कर्ज मात्र घरी, ही अवस्था फार कठीण. दलालाला रोख रक्कम देऊ नये. जे द्यावे ते कॉलेजच्या नावे, पावती घेऊन.

मुलीच्या शिक्षणाचे

घरात दोन मुले हुशार असतील आणि पैसा एकाचाच असेल, तर बहुधा मुलगी मागे राहते. "तिच्या लग्नाचे पाहावे लागेल" हे वाक्य अजून आमच्या कानांवर येते. लग्नासाठी सोने जमवायला आई-बाप वीस वर्षे झटतात. तेवढाच पैसा तिच्या नावे पुस्तकात जमा झाला असता तर? टपाल खात्यात सुकन्या समृद्धी खाते २०१५ पासून आहे. दहा वर्षांच्या आतील मुलीच्या नावे ते उघडता येते, आणि ती अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. काही बँका मुलींना कर्जाच्या दरात अर्धा टक्का सवलत देतात. सीमेपलीकडे महाराष्ट्रात २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठराविक गटांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ आहे. दोडामार्ग, सावंतवाडीकडे आपले नातेवाईक असतील तर त्यांना ही गोष्ट जरूर कळवावी. त्यांच्यासाठी ओरोसचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही २०२१ पासून सुरू झाले आहे.

पीक, पैसा आणि कागद

शेतकऱ्याचा पैसा हंगामाने येतो, कॉलेजचे शुल्क तारखेने मागते. काजूचा पैसा मे महिन्यापर्यंत हाती येतो आणि पावसाच्या आधी घरदुरुस्तीत, लग्नांत खर्च होऊन जातो. प्रवेशाचे पैसे लागतात त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा सरद भात अजून शेतात उभे असते. म्हणून ज्या घरात बारावीचे मूल आहे, त्यांनी त्या वर्षीचा काजूचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा. पहिल्या शुल्कासाठी हातउसने काढावे लागणार नाही.

आणि कागद. उत्पन्नाचा दाखला व रहिवासाचा दाखला मामलेदार कार्यालयातून मिळतो. शेतीचे उत्पन्न आयकरात येत नाही, म्हणून शेतकऱ्यापाशी पगाराची पावती नसते. त्याला या दाखल्याशिवाय गत्यंतर नाही. जातीचा दाखला, जन्माचा दाखला, आधार, बँकेचे खाते मुलाच्या स्वतःच्या नावे, आणि सर्व कागदांवर नाव एकाच रीतीने लिहिलेले. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक नाव, शाळेत दुसरे आणि आधारवर तिसरे असे पुष्कळदा आढळते. अर्ज अडकतो तो अशा ठिकाणी. दहावीच्या सुट्टीत हे काम उरकून घ्यावे.

गावाने काय करावे

जो विद्यार्थी आज शिकतो आहे तो उद्या आपल्या आजीचे दात बघणार आहे, आपल्या शेजाऱ्याच्या तापाला औषध देणार आहे. डोक्यावर तीस-चाळीस लाखांचे ओझे घेऊन बाहेर पडलेला डॉक्टर डिचोलीत किंवा पेडण्यात दवाखाना काढीत नाही. तो मोठ्या शहरात, मोठ्या इस्पितळात जातो, कारण हप्ता त्याला तिकडे ढकलतो. त्याला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. म्हणून गावाला डॉक्टर हवा असेल, तर त्याचे कर्ज हलके ठेवणे यातच गावाचेही हित आहे.

यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. आमच्या परिसरातून जे एम.बी.बी.एस. किंवा बी.डी.एस. होऊन बाहेर पडले, त्यांनी आपली पुस्तके आणि हत्यारे पुढच्या मुलाला द्यावीत. जो हँडपीस कपाटात पडून आहे, तो दुसऱ्या घराचे कित्येक हजार वाचवील. ज्यांना मुलांचे अर्ज भरता येतात अशा शिक्षकांनी आणि बँकेतील मंडळींनी जून-जुलैत एक-दोन रविवार त्यासाठी काढावेत. आणि टाटांच्या निधीतला विचार आपणही अंगी बाणवावा: घेतलेली मदत मिळवते झाल्यावर पुढच्याला पोचवावी.

वाचकहो, ज्या घरी यंदा बारावीचे मूल आहे, त्यांनी हे पान कापून ठेवावे. त्या पानाच्या मागे तीन ओळी लिहाव्यात: मागता येण्यासारख्या शिष्यवृत्त्या, बिनव्याजी मिळण्यासारखी रक्कम, आणि उरलेली रक्कम. बँकेत जायचे ते तिसऱ्या ओळीपुरतेच. शेताचे नाव त्या कागदावर येऊ देऊ नये.